‘गुण’ शब्दाचा द्व्यर्थ

परीक्षेतील अंक आणि अंगची योग्यता या दोहोंस मराठीत ‘गुण’ हा एकच शब्द आहे. ‘गुणवत्ता यादी’स जी प्रतिष्ठा लाभते, ती बव्हंशी या द्व्यर्थावर उभी आहे. यवतमाळ जिल्ह्यातील कोलामांची कोलामी ही द्राविडी भाषा. वैद्यकीय प्रवेशाची ‘नीट’ परीक्षा २०२१ पासून तेरा भाषांत होते, त्यांत ती नाही. घरी कोलामी बोलणाऱ्या विद्यार्थ्याचे परभाषेतील श्रम अंकांत दिसत नाहीत. खुल्या स्पर्धापरीक्षेतील यश एवढाच गुणवत्तेचा अर्थ नव्हे, असे सर्वोच्च न्यायालयाने नील ऑरेलिओ नुनेस खटल्यात २०२२ साली सांगितले. तथापि ‘गुण कमी’ म्हणताना अंक कमी की योग्यता कमी, हा भेद व्यवहारात लोपतो. आरक्षणाने दार उघडते; शब्दाने बसलेला कमीपणाचा शिक्का मात्र राहतो. निदान अभ्यासकांनी तरी अंकांस अंकच म्हणावे.