‘साचेबंद’ म्हणण्याआधी

मागच्या व्याख्यानात आपण ‘कारण’ या कल्पनेवर बोललो, आणि शेवटी एका श्रोत्याने विचारलं, “सर, तत्त्वज्ञानातलं हे सगळं कुंभार, माती आणि घट यांच्याभोवतीच का फिरतं? आता घरात घट राहिलेत कुठे?” प्रश्न रास्त होता. म्हणून आज घट बाजूला ठेवू आणि आपल्या जिल्ह्यात रोज डोळ्यांसमोर असणारी वस्तू घेऊ. सिमेंटच्या ब्लॉकचा साचा. आपल्याकडे बरेच जण त्याला फर्मा म्हणतात. ज्या लोखंडी पेटीतून ते राखाडी ब्लॉक निघतात, त्या पेटीची मला आज समीक्षा करायची आहे. कादंबरीची करतो तशीच. काय केलंय, कसं केलंय, आणि कुठे चुकलंय.

सुरुवात एका शब्दापासून करतो. मराठी समीक्षेत एखादं पुस्तक निकालात काढायचं असलं की आपण म्हणतो, ‘साचेबंद आहे’. मी स्वतः नोकरीभर विद्यार्थ्यांच्या निबंधांवर लाल शाईने हा शेरा मारला. त्याचा अर्थ असा की इथे विचार केलेला नाही. साचा तयार होता, त्यात माल भरला, झालं. साचा म्हणजे विचाराची सुट्टी, असं आपण धरूनच चालतो. पण साचासुद्धा कुणीतरी विचार करून बनवलेला असतो ना? त्या विचाराकडे कोण बघतं?

मी बघितलं तेही अपघातानेच. कंपाउंडची भिंत बांधायची होती, म्हणून ब्लॉक बघायला एका शेडवर गेलो. एका बाजूला चुरी आणि राखेचे ढीग, मधे मिक्सर, आणि कोपऱ्यात एक वेल्डिंगवाला नवा फर्मा जोडत बसलेला. मी आपला सहज म्हणालो, “चौकोनी पेटीच तर आहे, यात अवघड काय?” तो मान वर न करता म्हणाला, “चौकोनी नाही जी सर. बरोब्बर चौकोनी केली तर ब्लॉक निघतच नाही.”

मग त्याने दाखवलं. पोकळ ब्लॉकच्या साच्यात पोकळी पाडण्यासाठी दोन लोखंडी ठोकळे वरून टांगलेले असतात. ते वर किंचित रुंद आणि खाली किंचित निमुळते असतात. माल ठोकून झाला की अख्खी पेटी ठोकळ्यांसकट वर उचलायची आणि ओला ब्लॉक खाली फळीवर उभा राहायला हवा. ठोकळे अगदी सरळ ठेवले तर ते मालाला धरून वर ओढतात आणि ब्लॉकला तडा जातो. उतार दिला की सुटतात. आता या उताराचा परिणाम बघा. ब्लॉकच्या भिंती साच्यात वरच्या बाजूला पातळ होतात आणि खालच्या बाजूला जाड. म्हणून बांधताना मिस्त्री ब्लॉक उलटा करतो, जाड बाजू वर घेतो, म्हणजे मसाला पसरायला जागा मिळते. साचा सुटावा म्हणून केलेली सोय भिंतीच्याही कामी आली. हा विचार नाही तर काय आहे?

दुसरी गोष्ट मापाची. भारतीय मानक २१८५ मध्ये ४०० मिलिमीटर लांब, २०० रुंद आणि २०० उंच असं एक माप आहे. पण साचा त्या मापाचा करत नाहीत. ३९०, १९०, १९० असा करतात. उरलेले १० मिलिमीटर मसाल्याच्या सांध्याचे. म्हणजे पेटी जोडतानाच पुढे भिंतीत काय होणार आहे ते धरलेलं असतं. लांबीत ५ मिलिमीटर आणि रुंदी-उंचीत ३ मिलिमीटर एवढीच चूक माफ आहे. चुरीने लोखंड घासून घासून साचा आतून मोठा होत जातो, म्हणून अनुभवी माणूस घासणाऱ्या जागी बदलता येईल अशी पट्टी लावतो.

आता थोडं तत्त्वज्ञान. साच्याचा दृष्टांत आपल्याकडे जुना आहे. विद्यारण्यांच्या पंचदशीत तो येतो: वितळलेलं तांबं साच्यात ओतलं की साच्यासारखं होतं, तसं चित्त विषयाच्या आकाराचं होतं. तिकडे ॲरिस्टॉटलने प्रत्येक वस्तूत द्रव्य आणि आकार असे दोन घटक मानले. या दोन्हींतून आपल्या मनात एक चित्र पक्कं बसतं. द्रव्य बिचारं निमूट, आणि आकार वरून हुकूम सोडणारा.

फ्रेंच तत्त्वज्ञ जिल्बेर सिमोंदों याने १९५८च्या आपल्या प्रबंधात या चित्रावर बोट ठेवलं, आणि उदाहरण कुठलं घेतलं? मातीची वीट आणि तिचा साचा! त्याचं म्हणणं थोडक्यात असं: आत माती गेली आणि बाहेर वीट आली, एवढंच ज्याला दिसतं, तो माणूस कारखान्याच्या बाहेर उभा आहे. आत काय घडतं ते त्याला माहीत नाही. माती आधी चाळलेली, मळलेली, तयार केलेली असते. ती साच्याच्या भिंतीवर दाब देते आणि भिंत तिला थोपवते. आकार या दोघांच्या झटापटीतून येतो. आणि ‘आकार हुकूम करतो, द्रव्य ऐकतं’ ही कल्पना मुळात मालकाची आहे. काम सांगणाऱ्याची आहे, करणाऱ्याची नाही.

शेडवर हे अक्षरशः पटतं. ब्लॉकचा माल तांब्याच्या रसासारखा वाहत नाही. तो जवळजवळ कोरडाच असतो. रव्याचा लाडू वळताना हाताला जसं कळतं ना, तसं इथे मुठीत दाबून बघतात. मूठ उघडल्यावर गोळा टिकला पाहिजे आणि तळवा फार ओला व्हायला नको. पाणी जास्त झालं तर पेटी उचलताच ब्लॉक बसतो. कमी झालं तर कडा झडतात. त्यात राख मिसळली की हिशेब पुन्हा बदलतो, कारण राखेचे कण गोल असतात, माल घसरतो, पाणी कमी लागतं.

राखेचा उल्लेख आलाच आहे तर सांगतो. १९९९ साली १ मे रोजी आपला जिल्हा भंडाऱ्यातून वेगळा झाला, आणि त्याच वर्षी १४ सप्टेंबरला केंद्र सरकारने औष्णिक केंद्रांच्या राखेबाबत अधिसूचना काढली. विटांसाठी शेतातली वरची सुपीक माती खरवडली जाऊ नये, हा तिचा एक हेतू. पुढे तिरोड्याला ३३०० मेगावॅटचं वीज केंद्र उभं राहिलं, राख दारात आली. धानाच्या जिल्ह्यात माती वाचणं ही लहान गोष्ट नाही. तेव्हा राखेच्या ब्लॉकविरुद्ध मी बोलतोय, असं कृपा करून समजू नका.

माझी तक्रार वेगळी आहे. आता तिच्याकडे येतो.

त्या शेडवर मी भरीव ब्लॉक उचलून पाहिला. पाहिला म्हणजे काय, उचलला गेला नाही. ३९० गुणिले १९० गुणिले १९०, म्हणजे साधारण १४ लिटर काँक्रीट. वजन ३० किलोच्या आसपास. आणि तेवढ्यात एक बाई, आपण ज्यांना रेजा म्हणतो त्यांच्यापैकी, डोक्यावर चुंबळ ठेवून तोच ब्लॉक घेऊन ट्रॉलीकडे गेल्या.

तुम्ही म्हणाल, विटांची पाटीसुद्धा तेवढीच जड असते. खरं आहे. जुन्या मापाची वीट साधारण तीन किलोची. दहा विटा घेतल्या की ३० किलो झाले. पण पाटी दहाची करायची की सहाची, हे उचलणारी बाई ठरवू शकते. मुकादम ओरडेल, मजुरी कापेल, सगळं मान्य. तरीही ताप असेल, पोट दुखत असेल, पाय भरले असतील, तर चार विटा खाली ठेवता येतात. ब्लॉकमधून चार विटा काढून ठेवता येत नाहीत. हा निर्णय तिच्या हातातून निघून साच्यात गेला, आणि तिथे वेल्डिंगने पक्का झाला. सुटण्यासाठी उतार हवा हे साच्याला कळतं, सांध्याचे १० मिलिमीटर कळतात. उचलणारी मान त्याला कळत नाही. कारण साचा ठरला तेव्हा ती मान कुणी मोजलीच नव्हती.

समीक्षकही यात धुतल्या तांदळासारखे नाहीत. १९०० साली अमेरिकेत हार्मन पामरने पोकळ ब्लॉकच्या यंत्राचं पेटंट घेतलं. मग हाताने चालवायची यंत्रं कॅटलॉगमधून घरोघरी विकली गेली. त्यांच्या साच्यांना घडीव दगडाचा चेहरा असे. जाणकारांनी नाक मुरडलं: हा खोटा दगड आहे, नक्कल आहे. फ्रँक लॉइड राइटने १९२३च्या सुमारास पॅसाडेनातल्या मिलार्ड हाउसमध्ये त्याच हिणवलेल्या ब्लॉकला नक्षीचा सुंदर चेहरा दिला आणि वाहवा मिळवली. टीका चेहऱ्यावर, कौतुकही चेहऱ्याचंच. आजही कंपाउंडला दगडी दिसणारे ब्लॉक लावले की आपण तेच बोलतो, ‘नकली दिसतं’. भिंत बघणाऱ्याच्या जागेवरून आपण बोलतो. सिमोंदोंच्या भाषेत, आपण अजून कारखान्याच्या बाहेरच आहोत.

मलाही हे लगेच साधलं नाही. मी मोठ्या उत्साहाने त्या वेल्डिंगवाल्याला सुचवलं, की ब्लॉकच्या दोन्ही टोकांना बोटं अडकतील अशी आडवी खाच ठेव. तो हसला. म्हणाला, “खाच केली तर फर्मा वर कसा निघेल जी?” बरोबर आहे! आडव्या खाचेसाठी साच्यात आत आलेली पट्टी लागणार, आणि पेटी वर उचलताना ती पट्टी वरचा ओला माल उखडणार. आयुष्यभर तत्त्वज्ञान शिकवलं आणि साधी खाच कळली नाही.

पण रस्ते आहेत. पहिला, पोकळ ब्लॉक. तोच आकार साधारण २१ किलोत बसतो आणि उचलताना पोकळीच्या कडेला बोटंही धरतात. लोक म्हणतात, पोकळ म्हणजे कच्चा, खिळा धरत नाही, वाहतुकीत फुटतो. खिळ्याचं आणि फुटण्याचं म्हणणं खरं आहे. ‘कच्चा’ हे मात्र ऐकीव. मानकातच पोकळ ब्लॉकच्या भार पेलणाऱ्या प्रती आहेत; माल नीट हवा आणि १४ दिवस पाणी मारलेलं हवं. दुसरा रस्ता, अर्ध्या उंचीचा ब्लॉक. मानकात उंची २०० किंवा १०० अशी दोन्ही दिली आहे. १०० घेतली तर भरीव ब्लॉकही १५ किलोच्या आत येतो. त्यात थर दुप्पट, मसाला जास्त, मिस्त्रीचा वेळ जास्त. हा खर्च खरा आहे, तो मी लपवत नाही. आज तो वाचतो, पण वाचलेला पैसा कुणाच्या मानेतून येतो, ते बिलात कुठेच लिहिलेलं नसतं.

माझ्या कंपाउंडला मी अर्ध्या उंचीचे ब्लॉक मागितले. शेडवाले म्हणाले, “फर्माच नाही, कोणी मागतच नाही.” शेवटी पोकळ घेतले. भिंत उभी आहे, दिसायला अगदी सामान्य आहे.

तर मित्रहो, ‘साचेबंद’ हा शब्द टाकून द्या असं मी म्हणत नाही. फक्त वापरण्याआधी एक पायरी मागे जा. साच्यातून निघालेल्या वस्तूला नावं ठेवणं सोपं असतं. साचा कुणी ठरवला, तेव्हा तिथे कोण हजर होतं आणि कोण नव्हतं, हे विचारायला हवं. परीक्षेची प्रश्नपत्रिका, रेशन कार्डाचा अर्ज, लग्नाच्या बायोडाटाचा नमुना, सगळीकडे हाच प्रश्न लागू पडतो. त्यावर पुढच्या वेळी बोलू. पण तुमच्यापैकी कुणी घर बांधायला काढलं असेल, तर पुढच्या व्याख्यानाची वाट बघू नका. शेडवर जा, भरीव ब्लॉक स्वतः एकदा उचलून बघा, आणि मग अर्ध्या उंचीचा फर्मा आहे का, ते विचारा. चार जणांनी विचारलं तर तो वेल्डिंगवाला बनवेल. त्याला येतो.

इथे थांबतो. प्रश्न असतील तर घेऊ या.