गीतातील रिकामी जागा

प्रजासत्ताकदिनी काशीच्या घाटांवर व गल्ल्यांतून ध्वनिवर्धक सुरू झाले की ‘ऐ मेरे वतन के लोगों’ हे गीत कानी पडतेच. आमचे हिंदीभाषी सहकारी त्याला कौतुकाने ‘तुमच्या लताबाईंचे गाणे’ म्हणतात. चालही पुणतांब्याच्या सी. रामचंद्रांची; तेव्हा परमुलखात चाकरी करणाऱ्या आम्हां मराठी माणसांस अभिमान वाटावा, हे साहजिकच आहे. परंतु अभिमान म्हणजे रसग्रहण नव्हे.

२७ जानेवारी १९६३ रोजी नवी दिल्लीत पंडित नेहरूंच्या उपस्थितीत हे गीत प्रथम गायिले गेले. चीनशी झालेल्या युद्धातील पराभवाची जखम तेव्हा ताजी होती. अशा वेळी वीररसाचा गडगडाट करणे सोपे असते. कवी प्रदीप यांनी तो मोह बहुतांशी टाळला. त्यांचे आवाहन सैनिकांना नाही, घरी बसलेल्या आम्हां नागरिकांना आहे. एका जवानाने दहा शत्रू मारल्याचा उल्लेख येतो, तेथेच काय ते गीत रूढ पोवाड्याच्या पातळीवर उतरते. उलट, आमच्या दिवाळीशेजारी त्यांनी सैनिकांची रक्ताची होळी ठेवली, तो केवळ अलंकार नव्हता. २० ऑक्टोबर १९६२ रोजी युद्ध पेटले आणि त्याच महिन्यात दिवाळी आली. म्हणूनच ती ओळ आजही श्रोत्याला खाली पाहावयास लावते.

तरीही या गीतात एक जागा रिकामी आहे. शीख, जाट, मराठा, गुरखा असे सर्व प्रांतांचे व जातींचे जवान त्यात येतात; घरी न परतलेल्यांचे स्मरण होते. पण त्या घरात कोण वाट पाहत होते? आई नाही, पत्नी नाही, लेकरू नाही. युद्धकाळातील आमच्या बहुतेक गौरवपर काव्याचा हाच दोष आहे. ते हुतात्म्यापाशी थांबते, त्याच्या उंबरठ्याच्या आत जात नाही.

कवीला ही उणीव जाणवली होती काय, ते गीतावरून कळत नाही. त्यांची कृती मात्र बोलकी आहे. या गीताचे मानधन त्यांनी युद्धविधवांच्या निधीस अर्पण केले. जे शब्दांत आले नाही, ते त्यांनी दानपत्रात लिहिले! पुढे ती रक्कम थकली आणि प्रदीप १९९८ साली निवर्तले. २००५ साली मुंबई उच्च न्यायालयाने ध्वनिमुद्रिका कंपनीस थकबाकीपोटी दहा लाख रुपये भरण्याचा आदेश दिला. गीत ऐकून देश रडत होता, त्याच काळात विधवांचा वाटा अडकून पडला होता. आम्हां कारकुनांना थकबाकी हा शब्द रोजचाच. परंतु येथे तो वाचताना मान खाली जाते.

आमच्या काशीच्या शेजारचाच गाजीपूर जिल्हा. तेथील धामूपूरचे अब्दुल हमीद १९६५ च्या युद्धात रणगाड्यांशी झुंजताना धारातीर्थी पडले. त्यांचे परमवीरचक्र पत्नी रसूलन बीबी यांनी राष्ट्रपती राधाकृष्णन यांच्या हातून स्वीकारले. त्या पदकाची आकृती रेखाटणाऱ्या सावित्रीबाई खानोलकर याही एका लष्करी अधिकाऱ्याच्या पत्नी. काव्याने मोकळी सोडलेली जागा त्या पदकाने क्षणभर तरी भरून काढली.

गीत थोर आहे, यात शंका नाही. पण ऐकणाऱ्याचे डोळे किती ओलावले, यावर सैनिकाच्या गौरवाचे मोल ठरत नाही. टाळ्या थांबल्यावर त्याच्या घरी काय पोहोचले, यावर ते ठरते.