अस्थींची साक्ष आणि कादंबरीचा न्याय : ‘डेडली डिसिजन्स’चा विचार

गुन्हेगारी कादंबरीचे परीक्षण करताना सामान्यतः दोन प्रश्न विचारले जातात. रहस्य शेवटपर्यंत टिकते का, हा पहिला. आणि त्याची उकल पटण्याजोगी आहे का, हा दुसरा. न्यायवैद्यकावर आधारलेल्या कादंबरीच्या बाबतीत मात्र एक तिसरा प्रश्न अपरिहार्य ठरतो. अशा कादंबरीत प्रेत हे रहस्याचे केवळ निमित्त नसते. तेच तिचे प्रमाण आणि बहुतांशी तिचा विषयही असतो. म्हणून ती मृताकडे कोणत्या दृष्टीने पाहते, हे तपासल्यावाचून तिचे मूल्यमापन पुरे होत नाही. कॅथी राइक्स यांची ‘डेडली डिसिजन्स’ (२०००) ही कादंबरी या दृष्टीने विशेष विचारार्ह आहे. कारण कॅनडाच्या क्वेबेक प्रांतातील मोटारसायकलस्वारांच्या गुन्हेगार टोळ्या हा विषय निवडून तिने हा प्रश्न स्वतःवर ओढवून घेतला आहे.

या कथाप्रकाराची परंपरा थोडक्यात ध्यानात घेणे इष्ट होईल. एडगर अ‍ॅलन पो यांनी १८४१ मध्ये ज्या प्रकारच्या कथेचा पाया घातला, तिच्यात निर्णायक महत्त्व तर्काला होते. ऑस्टिन फ्रीमन यांच्या डॉक्टर थॉर्नडाइकने विसाव्या शतकाच्या आरंभी त्या तर्काच्या जोडीला सूक्ष्मदर्शक आणि रसायनपेटी आणली. पॅट्रिशिया कॉर्नवेल यांच्या ‘पोस्टमॉर्टेम’ (१९९०) या कादंबरीपासून शवविच्छेदनगृह हेच कथेचे मुख्य स्थळ बनले. राइक्स यांनी १९९७ साली पहिली कादंबरी लिहिली तेव्हा या परंपरेत एका निराळ्या अधिकाराची भर पडली. त्या स्वतः मानवशास्त्राच्या प्राध्यापक आणि अस्थिपरीक्षक असून माँट्रिऑल येथील प्रांतिक न्यायवैद्यक प्रयोगशाळेसाठी त्यांनी प्रत्यक्ष काम केलेले आहे. त्यांची नायिका टेम्परन्स ब्रेनन हिचा व्यवसाय तोच. ‘डेडली डिसिजन्स’ ही या मालेतील तिसरी कादंबरी होय.

कादंबरीची पार्श्वभूमी कल्पित नाही. ‘हेल्स एंजल्स’ ही संघटना १९४८ मध्ये कॅलिफोर्नियात स्थापन झाली आणि १९७७ च्या डिसेंबरात तिची क्वेबेकमधील पहिली शाखा निघाली. अमली पदार्थांच्या व्यापारावरील वर्चस्वासाठी ही संघटना आणि ‘रॉक मशीन’ ही प्रतिस्पर्धी टोळी यांच्यात १९९४ मध्ये जो संघर्ष पेटला, तो २००२ पर्यंत चालला आणि त्यात दीडशेहून अधिक माणसे मेली. त्यांपैकी बहुसंख्य टोळ्यांशी संबंधित होती. ऑगस्ट १९९५ मध्ये माँट्रिऑलच्या एका रस्त्यावर मोटारीतील बाँबच्या स्फोटात अकरा वर्षांच्या एका मुलाला प्राणघातक इजा झाली, आणि तेव्हाच सार्वजनिक क्षोभ उसळला. त्याच वर्षी माँट्रिऑलचे पोलिस, प्रांतिक पोलिस आणि संघराज्याचे पोलिस यांचे एक संयुक्त पथक उभारण्यात आले. त्याला ‘कार्काजू’ हे उत्तरेकडील अरण्यातल्या एका चिवट हिंस्र श्वापदाचे नाव देण्यात आले. १९९७ मध्ये संघटित गुन्हेगारीविरुद्ध कायदा झाला. कादंबरी ज्या वर्षी प्रसिद्ध झाली, त्याच वर्षी सप्टेंबरात मिशेल ओझे या गुन्हेवार्ताहरावर वृत्तपत्राच्या वाहनतळावर गोळ्या झाडण्यात आल्या; तो बचावला. मार्च २००१ मध्ये मोठी धरपकड झाली. एंजल्सचा म्होरक्या मोरिस बुशे याला दोन तुरुंगरक्षकांच्या खुनांबद्दल २००२ मध्ये जन्मठेप झाली आणि २०२२ मध्ये तो कैदेतच मरण पावला.

या इतिहासातील एक गोष्ट कादंबरीच्या आकलनासाठी कळीची आहे. टोळीवाले टोळीवाल्यांना मारीत होते, तोवर समाजाने हा संहार बराचसा सोसला. किंबहुना परस्पर काटा निघतो आहे, अशी सुप्त समजूतही त्यामागे असावी. एक निरपराध मूल मेले, तेव्हा मृत्यूला मृत्यू म्हणून मोजण्यास सुरुवात झाली. कोणाचा मृत्यू गणतीत धरावयाचा, हा प्रश्न वास्तवानेच उभा केला होता. राइक्स यांनी तो कथानकाच्या रचनेतच गोवला आहे.

कादंबरीत मृतांचे तीन गट दिसतात. नृत्याच्या वर्गाला निघालेली नऊ वर्षांची एमिली अ‍ॅन तूसाँ टोळ्यांच्या गोळीबारात रस्त्यावर मरते. व्हायाँकूर हे जुळे भाऊ प्रतिपक्षाच्या अड्ड्यावर हल्ला करण्यास निघाले असता स्फोटात छिन्नविच्छिन्न होतात; टोळीत ते ‘ल क्लिक’ आणि ‘ल क्लाक’ या जोडनावांनी ओळखले जात. तिसरी सव्हाना क्लेअर ऑस्प्रे. नॉर्थ कॅरोलिनातील ही मुलगी पुष्कळ वर्षांपूर्वी नाहीशी झालेली असते, आणि तिच्या अस्थींचा काही भाग घरापासून शेकडो कोस दूर, क्वेबेकमधील टोळीच्या अड्ड्याजवळच्या जमिनीत सापडतो. निष्पाप बालिका, स्वतःच्याच शस्त्राला बळी पडलेले गुन्हेगार आणि नाव हरवलेली मुलगी, असे हे त्रिकूट आहे. तिघांनाही एकाच प्रयोगशाळेच्या टेबलावर आणून ठेवणे, ही या कादंबरीतील मूलभूत कल्पना होय. आणि ती समर्थ आहे.

तिचे सामर्थ्य प्रयोगशाळेतील प्रकरणांत प्रकट होते. स्फोटात मिसळून गेलेले अवशेष वेगळे करताना अस्थिपरीक्षकाला प्रथम एवढेच ठरवावे लागते की, ही किमान किती माणसे आहेत. उजव्या बाजूची एकाच जातीची दोन हाडे मिळाली, तर माणसे निदान दोन. मग सांध्यांचे पृष्ठभाग एकमेकांशी जुळवून पाहावयाचे, वय आणि बांधा यांच्या खुणा लावावयाच्या, जुन्या क्ष-किरणचित्रांशी ताळा घ्यावयाचा. दोन निराळ्या माणसांच्या बाबतीत वय व बांधा यांतील फरक उपयोगी पडतो. जुळ्या भावांच्या बाबतीत नेमका हाच आधार निसटतो. ज्यांनी जिवंतपणी आपली नावेही एकमेकांच्या पडसादासारखी घेतली, त्यांना मृत्यूनंतर प्रथमच कोणीतरी अलग अलग व्यक्ती म्हणून हाताळते. लेखिका या विरोधाभासाकडे बोट दाखवीत नाही. कामाचे वर्णन करून ती पुढे जाते. हा संयम प्रशंसनीय आहे.

सव्हानाची ओळख पटण्याचा क्रमही असाच विचारपूर्वक बांधला आहे. श्रोणीच्या घडणीवरून लिंग, अस्थींची टोके दांड्याशी कितपत सांधली आहेत यावरून तारुण्याची पायरी, मांडीच्या हाडावरून उंची, असे ते शास्त्र सर्वसाधारण वर्गाकडून विशिष्ट व्यक्तीकडे सरकत जाते. मात्र वर्गाला व्यक्तिरूप येते ते कवटीवरील शस्त्रक्रियेच्या खुणेमुळे. मेंदूत साचणारे पाणी वाहून नेण्यासाठी बसविलेल्या नळीची ती खूण असते. जन्मभर जे त्या मुलीचे दुर्दैव होते, तेच मृत्यूनंतर तिच्या नावाचे प्रमाण होते. कादंबरीतील करुण रसाचा सर्वांत शुद्ध आविष्कार येथे आहे. आणि तो एकाही शोकोद्‍गारावाचून साधला आहे.

आता या शास्त्राच्या समोर टोळीची व्यवस्था ठेवून पाहावी. अशा टोळीत प्रवेश करणारा मनुष्य प्रथम नुसता भोवती वावरणारा असतो, मग उमेदवार होतो, आणि शेवटी त्याला पूर्ण सदस्यत्वाचे बिल्ले मिळतात. जाकिटाच्या पाठीवर वर टोळीचे नाव, मध्ये तिचे चिन्ह, खाली तिचा प्रदेश. स्वतःचे नाव मागे पडून टोपणनाव पुढे येते. काही जण ‘एक टक्का’ हा बिल्ला अभिमानाने मिरवितात. कायदा पाळणाऱ्या नव्व्याण्णव टक्के स्वारांहून आपण वेगळे आहोत, असे त्यातून सुचवावयाचे असते. बंडखोर व्यक्तिस्वातंत्र्याचा उद्‍घोष करणारी ही संस्था वस्तुतः व्यक्तीचे विसर्जन करणारी आहे. तेव्हा टोळी जे नाव काढून घेते, ते प्रयोगशाळा परत देते, असा एक गंभीर विरोध कादंबरीच्या आशयात बीजरूपाने वसतो. अस्थी मृताचे चारित्र्य विचारीत नाहीत. बालिकेच्या कवटीतील गोळीचा मार्ग ज्या नियमाने वाचावयाचा, त्याच नियमाने मारेकऱ्याच्याही कवटीतील. गोळी आत शिरताना हाडाच्या आतील बाजूस आणि बाहेर पडताना बाहेरील बाजूस भोक रुंदावते. या नियमात साव आणि चोर असा भेद नाही. शास्त्राची ही समदृष्टी नैतिक दृष्ट्याही अर्थपूर्ण आहे.

परंतु कादंबरी ही समदृष्टी अखेरपर्यंत पेलीत नाही. एमिलीच्या मृत्यूने ब्रेननच्या मनात जो संताप उसळतो, तोच तिला टोळ्यांविरुद्धच्या तपासात ओढतो. हा संताप स्वाभाविक आहे, आणि कथेला गतीही त्यानेच मिळते. त्याबद्दल तक्रार नाही. तक्रार आहे ती अशी की, नायिकेच्या संतापाला लेखिका जवळजवळ आपलाच निकाल मानते. निवेदन प्रथमपुरुषी असल्यामुळे नायिकेच्या दृष्टीपलीकडे दुसरी दृष्टी उपलब्ध नाही; अशा वेळी लेखकाने प्रसंगरचनेतून तरी अंतर निर्माण करावे, ही अपेक्षा असते. येथे ते क्वचितच होते. टोळ्यांविषयीची माहिती बहुतांशी पोलिस अधिकाऱ्यांच्या तोंडून, वर्गात धडा शिकवावा तशी येते. ती उपयुक्त असली, तरी तिच्यातून उभी राहते ती संघटनेची आकृती, माणूस नव्हे. परिणामी बालिकेच्या वाट्याला करुण आणि जुळ्यांच्या वाट्याला केवळ बीभत्स, अशी रसांची वाटणी होते. प्रयोगशाळेने ज्यांना व्यक्तित्व दिले, त्यांचे ते कथनाने पुन्हा काढून घेतले, असे म्हणणे भाग पडते.

या उणिवेवर मात करण्याचे साधन लेखिकेच्या हाती होते. ब्रेननचा तरुण भाचा किट तिच्याकडे मुक्कामाला येतो. त्याला मोटारसायकलींचे वेड आहे आणि त्या वेडापायी तो या स्वारांच्या जगाकडे ओढला जातो. घरातला, आवडता, सुस्वभावी मुलगा ज्या गोष्टीने भारला जातो, तिच्यात काहीतरी मोहक असलेच पाहिजे. वेगाचा कैफ असेल, सोबत्यांची निष्ठा असेल, किंवा कोणाचा तरी होण्याची भूक असेल. जुळे भाऊही कधीकाळी असेच कोणाचे तरी भाचे होते, हा विचार या सूत्रातून सहज उमलू शकला असता. मग एमिलीच्या टेबलाकडून जुळ्यांच्या टेबलाकडे जाताना वाचकाचे पाऊल अडखळले असते, आणि अशा अडखळण्यातच गंभीर कादंबरीचा प्रारंभ होतो. लेखिका या उंबरठ्यापर्यंत येते; परंतु कथानकाच्या उत्तरार्धात किटचा उपयोग मुख्यतः नायिकेची काळजी वाढविण्यासाठी होतो. मोहाचा प्रश्न बाजूला पडतो आणि त्याची जागा संकट घेते.

लोकप्रिय रहस्यकथेकडून एवढी अपेक्षा धरणे अन्यायाचे आहे, असा आक्षेप येथे घेतला जाईल. तो काही अंशी रास्त आहे. प्रकरणाच्या शेवटी उत्कंठा टांगून ठेवणे, अनेक धागे एका गाठीत बांधणे, नायिकेला अखेरीस जीवघेण्या प्रसंगात नेणे, हे या कथाप्रकाराचे संकेत आहेत आणि राइक्स ते कौशल्याने पाळतात. तथापि प्रस्तुत अपेक्षा बाहेरून लादलेली नाही. तीन प्रकारच्या मृतांना एकाच मापाने मोजण्याचा संकल्प कादंबरीनेच केला आहे. ज्या कृतीने स्वतःच हे माप हाती घेतले, तिला त्याच मापाने मोजणे यात औचित्याचा भंग नाही.

एवढे मान्य करूनही या कादंबरीचे श्रेय उरतेच. गुन्ह्याचे आकर्षण वाढविणाऱ्या साहित्यात टोळीवाल्याला शूर बंडखोराचा वेष चढविण्याची प्रवृत्ती प्रबळ असते. राइक्स त्या मोहापासून पूर्णतः अलिप्त आहेत. स्फोट म्हणजे काय, हे त्या ज्वाळांच्या वर्णनातून सांगत नाहीत; टेबलावर मांडलेल्या तुकड्यांच्या यादीतून सांगतात. सनसनाटीचा हा त्याग करण्यासाठी व्यवसायातला अनुभव आणि मनाची शिस्त, दोन्ही लागतात. त्यामुळेच कथानकाचा शेवट विस्मरणात गेला, तरी अस्थी जुळविणारे ते हात वाचकाच्या स्मरणात राहतात.

माँट्रिऑलमध्ये समाजाला जाग येण्यासाठी एका मुलाचा मृत्यू व्हावा लागला. त्यापूर्वीचे मृत्यू बव्हंशी हिशेबाबाहेर राहिले. ‘डेडली डिसिजन्स’ या हिशेबाला आव्हान देण्याची सामग्री गोळा करते, पण निकालाच्या वेळी समाजाच्याच बाजूने उभी राहते. तिच्या प्रयोगशाळेचा न्याय तिच्या कथेच्या न्यायापेक्षा उदार आहे, हे तिचे वैगुण्य होय. मात्र तो उदार न्याय नेमका कसा असतो, हे हाडामागून हाड उचलून तिनेच दाखविले आहे; म्हणून हे वैगुण्य ओळखण्याची दृष्टीही वाचकाला मिळते ती तिच्याच पानांतून.