कथासाराचे अध्यापन : ‘मग’ आणि ‘म्हणून’

कथेचा सारांश लिहिणे म्हणजे तिचा विस्तार छाटणे, ही समजूत वर्गात अद्यापि दृढ आहे. उत्तर मूळ मजकुराच्या एक-तृतीयांशात बसले की परीक्षकाचे समाधान होते. काय राहिले नि काय गळले, याची चिकित्सा क्वचितच होते. वस्तुतः सारांश हा कथेतील कार्यकारणाविषयीचा निर्णय होय.

मोपासाँ यांची १८८४ साली प्रसिद्ध झालेली हिऱ्यांच्या हाराची कथा या दृष्टीने उद्बोधक आहे. विद्यार्थी तिचे सार प्रायः असे देईल : माथिल्दने मैत्रिणीचा हार उसना घेतला, समारंभाहून परतताना तो हरवल्यावर पतीने कर्ज काढून नवा आणून दिला, दहा वर्षे राबून दोघांनी ते फेडले, मूळ हार मात्र खोटा होता.

यातील एकही विधान चूक नाही; तथापि कथा हरपली आहे. ‘हरवल्यावर’, ‘काढून’, ‘राबून’ ही धातुसाधिते येथे घटनांचा केवळ क्रम सांगतात. हार हरवला म्हणून दहा वर्षांचे दैन्य आले काय? नव्हे. हाराची कडी मोडली असून ती दुरुस्तीस दिली आहे, असे पत्र पतीच्या सांगण्यावरून माथिल्दने मैत्रिणीस धाडले. त्या वेळी सत्य सांगितले असते, तर फार तर ५०० फ्रँकांच्या हारासाठी ३६,००० फ्रँक मोजावे लागते ना. ‘म्हणून’ हे अव्यय हरवण्यास नव्हे, लपवण्यास जोडले पाहिजे. पत्र गाळणारा सारांश शोकांतिकेचा अपघात करतो.

‘खोटा होता’ आणि ‘खोटा निघाला’ यांतील भेदही असाच मोलाचा आहे. पहिला प्रयोग केवळ वस्तुस्थिती सांगतो. दुसरा ती कळल्याचा क्षण राखतो. कथेचा आघात त्या क्षणावरच अवलंबून आहे.

असे स्वातंत्र्य दिल्यास गुणदानात एकवाक्यता राहणार नाही, असा आक्षेप संभवतो. परंतु प्रत्येक ‘म्हणून’ आणि ‘तरी’ यांस संहितेतील आधार दाखवण्याची अट घातली, की मतभेदास मर्यादा पडते. घटनांची यादी आधी, जोडणारी अव्यये नंतर आणि शब्दसंख्येचा विचार सर्वांत शेवटी, हाच अध्यापनाचा क्रम असावा. अशा सारांशातही मोपासाँ यांचा उपरोध उतरणार नाही, हे खरे. मात्र तो कशावर उभा आहे, हे विद्यार्थ्यास निश्चित उमगेल.