आठ कप, सत्तर शक्यता

कपात आधी दूध ओतले होते की आधी चहा, हे केवळ चवीवरून सांगू शकणाऱ्या एका बाईंच्या दाव्याने रोनाल्ड फिशर यांच्या ‘द डिझाइन ऑफ एक्सपेरिमेंट्स’ या १९३५ सालच्या ग्रंथाचे दुसरे प्रकरण सुरू होते. रोथॅमस्टेडच्या कृषी संशोधन केंद्रातील शैवालतज्ज्ञ म्युरियल ब्रिस्टल या त्या बाई, असे सांगितले जाते. दावा कुणीही हसण्यावारी न्यावा असा. पण फिशर त्याला हसत नाहीत आणि भिडेखातर मानही डोलवत नाहीत. ते आठ कप मांडतात, आणि परिकल्पना-परीक्षणाचे अवघे शास्त्र त्या आठ कपांतून उलगडू लागते.

त्या मांडणीपाशीच आपण जरा रेंगाळू या. चार कपांत दूध आधी, चार कपांत चहा आधी, आणि ही वाटणी बाईंना अगोदरच ठाऊक. त्यांनी दूध आधी घातलेले चार कप तेवढे वेचून काढायचे. आठांतून चार निवडण्याचे प्रकार होतात ७०, त्यांतला बरोबर एकच; म्हणजे जिभेला काहीही कळत नसताना निव्वळ योगायोगाने सगळे कप जुळण्याची शक्यता ७० त एक, दीड टक्क्याहूनही कमी. तीन कप बरोबर आणि एक चुकीचा, असे मात्र १६ प्रकारे घडू शकते. पूर्ण यशाचा एक प्रकार त्यांत मिळवला की १७ होतात, ७० चा जवळजवळ चौथा हिस्सा. चारांपैकी तीन ओळखले तर कौतुक करायला आपण सहज पुढे सरसावू. गणित मात्र शांतपणे सांगते की एवढे यश योगायोगालाही सहज साधते. आणि कप सहाच असते तर? मग प्रकार २० उरले असते, आणि निर्दोष उत्तरही विसांत एकदा नशिबाने मिळाले असते. ‘आठ’ या साध्या आकड्यामागे केवढा विचार उभा आहे, हे इथे जाणवते.

आता कपांच्या क्रमाकडे पाहू. एक कप किंचित जाड, एकातला चहा थोडा कडक, एक जरा अधिक निवलेला. असे बारीक भेद कितीही काळजी घेतली तरी पुरते पुसले जात नाहीत, हे फिशर मोकळेपणाने मान्य करतात. म्हणून कोणत्या कपात काय आधी पडणार आणि कोणता कप केव्हा पुढे येणार, हे ते यदृच्छेवर सोपवतात. ज्या योगायोगाने निष्कर्ष गढूळ व्हावा, त्यालाच निष्कर्षाची राखण करायला बसवण्याची ही कल्पकता मला या प्रकरणातील सर्वांत देखणी जागा वाटते.

परीक्षा मात्र बाईंच्या दाव्याची नसून ‘त्यांना फरक कळत नाही’ या शून्य परिकल्पनेची आहे. ‘त्यांना फरक कळतो’ हे विधान सैल आहे. किती वेळा कळतो, ते त्यात नाही, मग शक्यता मोजायची कशावरून? ‘कळत नाही’ म्हटले की प्रत्येक शक्यता नेमकी मोजता येते. संशय पुढे येतो तो आपल्या पराभवाची अट आधी जाहीर करूनच. शून्य परिकल्पना फेटाळली जाऊ शकते, सिद्ध कधीच होत नाही. म्हणून बाई चुकल्या तरी त्यांना चव नाही असे ठरत नाही, पुरावा अपुरा पडला एवढेच ठरते. खरे कौशल्यही अशा वेळी निसटू शकते. अधिक कप मांडून प्रयोग सूक्ष्म करायचा, तो यासाठीच. जेर्झी नेमन आणि ईगॉन पिअर्सन यांनी या दोन धोक्यांना काटेकोर रूप दिले: नसलेले कौशल्य मान्य करणे ही पहिल्या प्रकारची चूक, असलेले हातचे सुटणे ही दुसऱ्या प्रकारची.

एक नाजूक जागा वाचताना हमखास निसटते. सगळे कप जुळले, तर ७० त एक ही बाईंना फरक कळत नसण्याची शक्यता ठरत नाही. फरक कळत नाही असे धरून चालल्यावर असे यश मिळण्याची ती शक्यता आहे. ‘पी-मूल्य’ या नावाने आज औषधांच्या चाचण्यांपासून शेतीच्या प्रयोगांपर्यंत वावरणारा आकडा तो हाच, आणि त्याचा अर्थ उलटा लावण्याची चूक जाणत्यांकडूनही होते.

बाईंनी अखेर किती कप ओळखले, हे फिशर या प्रकरणात सांगतच नाहीत. त्यांना सांगायची होती ती परीक्षेची रीत, आणि निकाल कोणताही लागो, ती तितकीच खरी राहते. दावा करणाऱ्याचा मान राखावा आणि संशयाचाही, हे या प्रकरणाइतक्या प्रसन्नपणे क्वचितच कुणी शिकवले असेल. संख्याशास्त्राच्या नावानेच बिचकणाऱ्या वाचकाने सूत्रांकडे वळण्याआधी हे प्रकरण अवश्य वाचावे.