न उघडलेला खेळ

२०२१ सालीं ‘सुपर मारिओ ६४’ या खेळाची कधींच न उघडलेली एक प्रत अमेरिकेंत १५ लाख ६० हजार डॉलरांस विकली गेली. हा संग्रह नव्हे, केवळ सांठवण! पुण्यास दिनकर केळकरांनीं, अकालीं गेलेल्या राजाच्या नांवें, अडकित्ते व दिवे जमविले ते माणसांच्या हातांनीं झिजलेले. त्या दृष्टीनें आमच्या मध्यमवर्गीय घरांतील संग्राह्य वस्तु म्हणजे १९८३ च्या जपानी ‘फॅमिकॉम’ची स्वस्त नक्कल, आणि ‘९९९९ खेळ’ सांगून मोजकेच पुनःपुन्हा दाखविणारी तिची कॅसेट. (लबाडी खरी, पण मुलांनीं ती केव्हांच माफ केली होती.) अस्सल नव्हे म्हणून बहुतेक संग्राहक तिला नाकारितात. जेऊरसारख्या स्टेशनच्या गांवीं ती भंगारवाल्याच्या पोत्यांत जाते; पुष्कळदां तिच्यावर पेनानें कोणा पोराचें नांव लिहिलेलें असतें.