तापवले की मऊ?

‘धातू तापवला की मऊ होतो’ हे वाक्य आपण वर्गात किती सहज म्हणून जातो! जोडीला लोहाराची भट्टी असतेच. उदाहरण खरे आहे. तक्रार आहे ती त्याला चिकटवलेल्या कारणाबद्दल: ‘उष्णतेने अणूंची थरथर वाढते, बंध सैल पडतात, म्हणून.’

एवढेच कारण पुरत असते, तर निकेलचे तीन आणि ॲल्युमिनियमचा एक अणू अशा प्रमाणात बनणारे संयुगही तापवल्यावर मऊ व्हायला हवे होते. पण १९५७ साली वेस्टब्रुक यांनी अशा संयुगांची कठिणता तापवून मोजली, तेव्हा हे संयुग उलटे वागताना दिसले. घटकांच्या प्रमाणानुसार साधारण ६०० ते ८०० अंश सेल्सिअसपर्यंत त्याचे बळ वाढत जाते आणि मगच उतरते. थरथर इथेही वाढतेच की!

धातू वाकतो तो अणूंचे थर एकमेकांवरून सरकल्याने. आख्खी सतरंजी ओढण्याऐवजी तिच्यातली सुरकुती पुढे ढकलावी, तसे हे सरकणे असते. या सुरकुतीला डिसलोकेशन म्हणतात. शुद्ध निकेलमध्ये सगळे अणू सारखे, त्यामुळे एक सुरकुती गेली तरी काही बिघडत नाही. आपल्या संयुगात मात्र एक गेली की चुकीचे शेजारी समोरासमोर येतात. मागून दुसरी येऊन ते जुळवते, म्हणून त्या जोडीनेच चालतात. उष्णता मिळाली की जोडीतली पुढची सुरकुती नेहमीचे तिरके प्रतल सोडून घनाच्या पृष्ठाशी समांतर प्रतलावर उडी मारते. तिथे चुकीच्या शेजाऱ्यांची किंमत कमी पडते, पण पुढे सरकणे अवघड असते. झाले, जोडी अडकली! कीर आणि विल्सडॉर्फ यांनी १९६२ साली ही कुलपे दाखवली. तापमान वाढेल तशी कुलपे वाढतात. फारच वाढले की त्या प्रतलावरही सरकणे सोपे होते आणि बळ ओसरते.

जेट इंजिनांच्या पात्यांवरचे लेख यालाच ‘चमत्कार’ म्हणून मोकळे होतात, तेही मला पटत नाही. नुसते हे संयुग, अनेक स्फटिककणांचे असेल तर, कणांच्या सीमांवर तडकते. १९७९ साली जपानमध्ये किंचित बोरॉन घालून ते लवचीक करता आले. पात्यांत तर ते निकेलच्या मिश्रधातूत बारीक घनांच्या रूपात असते.

वर्गातली स्फटिकाची प्रतिकृती बहुधा एकाच रंगाच्या चेंडूंची असते. दोन रंग घ्या. आठ कोपऱ्यांवर ॲल्युमिनियम, सहा पृष्ठांच्या मध्यावर निकेल. कोपऱ्यावरचा चेंडू आठ घनांत वाटला जातो, पृष्ठावरचा दोघांत. तीनास एक हे प्रमाण मुले स्वतःच मोजून काढतील.